नकाशावर रंग आहे, ओढ्यात जीव आहे का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावाचे नाव वैद्यकीय ग्रंथांत एका अनपेक्षित कारणाने आले. लघवीवाटे रक्त जाण्याचा, शिस्टोसोमियासिस नावाचा एक आजार गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये या गावातून नोंदवला. आफ्रिकेत लाखोंना होणारा हा आजार भारतात क्वचितच कोणी पाहिला होता. त्याचा परजीवी माणसाकडून थेट माणसाकडे जात नाही, मध्ये त्याला गोड्या पाण्यातली विशिष्ट गोगलगाय लागते. त्यामुळे औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता की ही गोगलगाय कोणती आणि ती कुठे राहते? संशयाची सुई फेरिसिया टेन्युइस या काही मिलिमीटरच्या, उलट्या वाटीसारखे कवच असलेल्या गोगलगाईकडे वळली. तिचा पत्ता लावायला माणसे पाण्यात उतरली, दगड उलटे केले, पानांच्या मागची बाजू पाहिली.

पाण्यातल्या एखाद्या जिवाचा पत्ता शोधणे हे असे कधी काळी आरोग्य खात्याचे काम होते. आज तोच प्रश्न जगभर नेमक्या उलट हेतूने विचारला जातो. जीव मारण्यासाठी नव्हे, तर तो संपण्याआधी वाचवण्यासाठी. आणि आता दगड उलटण्याआधी संगणक उघडला जातो.

घाई का आहे, ते दोन-तीन आकड्यांत सांगता येते. नद्या, ओढे, तळी, पाणथळी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग व्यापत नाहीत. पण ज्ञात प्राणी-प्रजातींपैकी सुमारे दहा टक्के तिथे राहतात आणि माशांच्या तर जवळपास निम्म्या. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-कोळंबीचा गट अशा २३,४९६ प्रजाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या २४ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. वाघाला दर चार वर्षांनी देशव्यापी गणनेचा थाट मिळतो. ओढ्यातल्या बोटभर माशाला तो मिळणार नाही, हे उघड आहे. प्रत्येक ओढ्यात जाळे टाकायला ना माणसे आहेत ना पैसा. मग कुठे टाकायचे?

यासाठी जी पद्धत वापरतात तिला प्रजातींच्या विस्ताराचे मॉडेल म्हणतात. कल्पना सोपी आहे. एखादा मासा आजवर जिथे जिथे सापडला ती ठिकाणे घ्यायची. त्या ठिकाणांचे तापमान, पाऊस, उंची, उतार, पाण्याचा प्रवाह, वरच्या अंगाचे जंगल यांची माहिती उपग्रहांच्या आणि हवामानाच्या नोंदींतून काढायची. मग संगणकाला विचारायचे की या सगळ्यांत समान काय आहे, आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे? उत्तर नकाशाच्या रूपात येते. लाल म्हणजे दाट शक्यता, पिवळा म्हणजे मध्यम, पांढरा म्हणजे जवळपास नाही. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापिरे यांनी २००६ मध्ये मांडलेली ‘मॅक्सएंट’ ही यातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत. तिचे आकर्षण असे की प्राणी कुठे ‘नाही’ याची माहिती तिला लागत नाही, ‘आहे’ची मूठभर ठिकाणे पुरतात. दुर्मीळ प्राण्यांबाबत तेवढीच असतात.

डेंग्यूचा डास पुढे कुठवर पसरेल, माकडतापाची गोचीड कोणत्या जंगलपट्ट्यात असेल, याचे नकाशे याच गणिताने निघतात. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळू लागल्यावर अशा नकाशांची गरज आपल्याकडेही पटली. त्यामुळे या पद्धतीची ताकद आणि तिच्या खोडी आरोग्य क्षेत्राला अगदीच परक्या नाहीत. खोडींबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण नकाशा छापला गेला की त्या दिसेनाशा होतात.

पहिली खोड रुग्णालयाच्या नोंदवहीतही दिसते. एखाद्या तालुक्यात सर्पदंशाचे रुग्ण जास्त नोंदले जातात. तिथे साप जास्त आहेत म्हणून, की तिथल्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष असते आणि नोंदवही नीट लिहिली जाते म्हणून? शेजारच्या तालुक्यातला माणूस मांत्रिकाकडे गेला तर तो नोंदवहीत येतच नाही. नद्यांचेही तसेच आहे. संशोधक जाळे टाकतात ते पुलाजवळ, गाडी जाते तिथे, महाविद्यालयापासून दिवसभरात परतता येईल अशा अंतरावर. शिवाय बहुधा पावसाळा सोडून, कारण भर पावसात घाटातल्या ओढ्यात उभे राहणे धोक्याचे. संगणकाला यातले काही माहीत नसते. माशाला पूल आवडतात असा निष्कर्ष तो आनंदाने काढून देतो. यावर उपाय आहेत, नोंदींचा हा कल गणितात जमेला धरता येतो. पण तो धरला आहे का, हे नकाशा पाहून कळत नाही.

दुसरी खोड नावांची. तिची कथा पुण्याजवळ सुरू होते. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासले. त्याने १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने मांडली तेव्हा कितीतरी माशांना इथलीच बोलीतली नावे दिली: खुद्री, मुसुल्ला, नुकटा. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महाशीर ‘खुद्री’ म्हणून जगाच्या ग्रंथांत गेला. पुढे ‘मुसुल्ला’ हे दख्खनी नाव मात्र दूर कावेरीतल्या एका वेगळ्याच माशाला चिकटले. हा पाठीला उंच कुबड असलेला प्रचंड महाशीर पन्नास किलोच्या पुढे जाणारा, गळ टाकणाऱ्या शिकाऱ्यांत जगभर गाजलेला. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याचे खरे शास्त्रीय नाव काय याचा उलगडा २०१८ मध्ये झाला. तो टॉर रेमादेवी ठरला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत थेट ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गेला.

दरम्यान कावेरीत आणखी एक गोष्ट झाली. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खुद्री महाशीराची पिल्ले चांगल्याच हेतूने देशभरच्या नद्यांत सोडली गेली होती. कावेरीत ती फोफावली आणि मूळचा कुबडा महाशीर दिसेनासा होत गेला. आता जुन्या नोंदींची पेटी उघडून मॉडेल करायला बसणाऱ्याची अवस्था पाहा. एकाच नावाखाली दोन मासे, एका माशाला दोन नावे, आणि काही ठिकाणी मासा निसर्गाने नव्हे तर माणसाने बादलीतून आणून सोडलेला. दोन रुग्णांचे कागद एका फायलीत गेले तर उपचाराचे काय होते, हे कोणत्याही वॉर्डात विचारावे.

तिसरी खोड खास पाण्याची आहे. डास उडतो, गोचीड जनावरावर बसून प्रवास करते. माशाला मात्र डोंगर ओलांडता येत नाही. महाबळेश्वरला एकाच माथ्याच्या आसपास उगम पावणारी कृष्णा पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराला मिळते आणि सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला. दोन्हींच्या उगमाजवळ पाऊस तोच, थंडी तीच. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी बनवलेल्या मॉडेलला ही जागा एकच वाटते. प्रत्यक्षात पाण्यातल्या जिवासाठी ते दोन वेगळे देश आहेत. नदीतल्या एका बिंदूची परिस्थिती त्या बिंदूवरच्या पावसाने नव्हे, तर वरच्या अंगाला शंभर किलोमीटरवर काय घडते त्याने ठरते. डोमिश आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जवळपास साऱ्या जगासाठी एक किलोमीटरच्या बारकाव्याने अशी ‘वरच्या पाणलोटाची’ माहिती तयार करून खुली केली. हे मोठेच काम झाले. तरीही सर्रास वापरली जाणारी हवामानाची माहिती १९७० ते २००० या काळाच्या सरासरीची असते. त्यानंतर बांधलेले धरण, नाल्यातून आलेले सांडपाणी, यंत्राने उपसलेली वाळू या गोष्टी कोणी मुद्दाम भरल्या नाहीत तर नकाशाला ठाऊक नसतात. नदी कोरडी पडली तरी तिचे ‘हवामान’ उत्तमच राहते.

आणि मग येतो गुणांकनाचा मुद्दा. अशा प्रत्येक शोधनिबंधात मॉडेल किती चांगले आहे याचा एक आकडा असतो, ०.९५, ०.९७ असा. दुसऱ्या महायुद्धात रडारवर विमान कोणते आणि गोंगाट कोणता हे ओळखण्यासाठी निघालेली ही मोजपट्टी पुढे क्ष-किरण तज्ज्ञांनी उचलली आणि नंतर पर्यावरणशास्त्राने. तिची एक युक्ती डॉक्टरांना परिचित आहे. क्षयरोगाची नवी चाचणी एका बाजूला खंगलेले, भरती रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट महाविद्यालयीन मुले घेऊन तपासली तर ती अफलातून ठरते. बाह्यरुग्ण विभागातल्या खोकणाऱ्या गर्दीत तीच चाचणी लंगडते. मॉडेलचेही तसेच. सह्याद्रीतल्या ओढ्याच्या माशाची तुलना थरच्या वाळवंटाशी केली तर गुण पैकीच्या पैकी. ‘हा मासा वाळवंटात नसतो’ हे सांगायला संगणक कशाला हवा? तुलना शेजारच्या, दिसायला तशाच ओढ्याशी झाली पाहिजे, आणि तिथे आकडा खाली येतो. खाली आलेला आकडा छापणारे संशोधक अधिक विश्वासार्ह मानावेत.

तरीही हे नकाशे निरुपयोगी आहेत असे अजिबात नाही. मादागास्करमध्ये सरड्यांच्या गोतातल्या शॅमेलिऑनच्या काही प्रजातींसाठी असे नकाशे केले गेले. काही भागांत नकाशा ‘आहे’ म्हणत होता, पण त्या प्रजाती तिथे कधी नोंदल्या गेल्या नव्हत्या. रॅक्सवर्दी आणि सहकाऱ्यांनी नकाशा चुकला म्हणून सोडून न देता त्याच भागांत शोध घेतला. तिथे विज्ञानाला तोवर अज्ञात असे सात शॅमेलिऑन सापडले. हा निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्राला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

म्हणजे नकाशा नेमका काय सांगतो? आरोग्याच्या भाषेत ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. हिशेब मांडून पाहू. समजा एका जिल्ह्यात १००० ओढे आहेत आणि एक दुर्मीळ मासा त्यांतल्या फक्त १० ओढ्यांत उरला आहे. मॉडेल चांगले आहे. मासा असलेल्या ओढ्यांपैकी ९० टक्के ते बरोबर ओळखते आणि नसलेल्यांपैकी ९० टक्के बरोबर वगळते. तर खऱ्या १० पैकी ९ ओढे लाल होतील. पण मासा नसलेल्या ९९० पैकी ९९ ओढेही लाल होतील. एकूण १०८ लाल ओढे, त्यांत मासा ९ मध्ये. बारातला एक. उरलेल्या ८९२ पांढऱ्या ओढ्यांपैकी एकात मासा आहे आणि नकाशा तो दाखवत नाही.

शोधायला निघालेल्या माणसासाठी हा सौदा फार चांगला आहे. नकाशाशिवाय शंभर ओढे पालथे घालून एकदा मासा मिळाला असता, आता बारा पुरतात. पण हाच कागद मंजुरीच्या फायलीत गेला की त्याचा अर्थ पालटतो. ‘प्रस्तावित जागा पांढऱ्या पट्ट्यात आहे, सबब हरकत नाही’ असा शेरा मारणाऱ्याला तो ८९२ मधला एक ओढा दिसत नाही. आणि जो मासा दहाच ओढ्यांत उरला आहे त्याच्यासाठी एक ओढा म्हणजे दहा टक्के.

लाल रंगाचा गैरसमज याहून घातक ठरू शकतो. त्याचे उदाहरण चीनमधले आहे. चिनी महाकाय सॅलमँडर हा जगातला सर्वांत मोठा उभयचर, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला आप्त. पूर्ण वाढलेला प्राणी माणसाच्या उंचीएवढा लांब झाल्याच्या नोंदी आहेत. डोंगराळ भागातल्या थंड, वाहत्या नद्यांत, कपारींत तो राहतो. कागदावर त्याचा विस्तार चीनच्या मोठ्या भागावर होता. इतका पसरलेला प्राणी सहज संपणार नाही, असा सर्वसाधारण समज. योग्य अधिवासाचे नकाशेही मॉडेलच्या साह्याने तयार झाले आणि त्यांत रंगाला तोटा नव्हता. २०१३ ते २०१६ या काळात चिनी आणि ब्रिटिश संशोधकांनी प्रत्यक्ष पाहणी केली. चीनमधली कदाचित सर्वांत मोठी वन्यजीव पाहणी, असे तिचे वर्णन झाले. ९७ ठिकाणी शोध घेतला. सॅलमँडर ४ ठिकाणी मिळाले. त्या प्राण्यांची जनुकीय तपासणी केली तेव्हा तेही त्या त्या नदीचे मूळ रहिवासी वाटेनात. पैदास केंद्रांतून सुटलेले किंवा सोडलेले असावेत असा निष्कर्ष निघाला. नद्या होत्या, कपारी होत्या, थंड पाणीही बऱ्याच ठिकाणी होते. प्राणी मात्र चैनीचे खाणे म्हणून आणि पैदास केंद्रांची भर म्हणून उचलला गेला होता. तो उपसा हवामानाच्या कोणत्याच थरात दिसत नाही.

या पाहणीत संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्याकडच्या पाहण्यांत दुय्यम समजली जाते. त्यांनी गावकऱ्यांना विचारले. २,८७२ मुलाखती झाल्या. ज्यांनी सॅलमँडर पाहिला होता त्यांना तो शेवटचा दिसून सरासरी जवळपास दोन दशके लोटली होती. आजाराचा इतिहास नातेवाईकांकडून घ्यावा तसे हे झाले. याच प्रकल्पातल्या जनुकीय अभ्यासाने २०१८ मध्ये हेही दाखवले की ‘एक’ समजली जाणारी ही प्रजाती प्रत्यक्षात किमान पाच वेगळ्या प्रजातींची आहे. म्हणजे नकाशा एका प्राण्याचा नव्हताच. पैदास केंद्रांत मात्र या सगळ्यांची सरमिसळ झालेली आणि तिथलेच प्राणी पुन्हा नद्यांत सोडणे चालू होते. कावेरीच्या महाशीराची आठवण इथे होणे साहजिक आहे.

आपल्याकडे हे नकाशे अजून मुख्यतः विद्यापीठांत आहेत, पण प्रकल्पांच्या कागदपत्रांत त्यांचा शिरकाव व्हायला वेळ लागणार नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली होणाऱ्या अनेक अभ्यासांत पावसाळा वगळून एखाद्या ऋतूतली पाहणी पुरेशी धरली जाते. सह्याद्रीतले कितीतरी मासे विणीसाठी पहिल्या पुराबरोबर वरच्या ओढ्यांत चढतात. जानेवारीत तिथे जाऊन ‘संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही’ असे लिहिणे हे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखे आहे. अशा पाहणीला आता रंगीत नकाशाची जोड मिळाली तर अहवाल भारदस्त दिसेल इतकेच. तेव्हा अहवालात मॉडेल असेल तर काही गोष्टी सक्तीच्या व्हायला हव्यात. नोंदी किती आणि कोणत्या सालच्या होत्या, धरणे आणि सांडपाणी हिशेबात घेतले का, तुलना कशाशी केली, आणि नकाशा छापल्यानंतर किती ओढ्यांत, कोणत्या महिन्यात, किती तास प्रत्यक्ष शोध झाला. ‘आढळली नाही’ आणि ‘शोधली नाही’ यांचे रकाने वेगळे असावेत. प्रयोगशाळा ‘निगेटिव्ह’ आणि ‘नमुना अपुरा’ यांत फरक करते, तसा.

प्रत्यक्ष शोधही आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. कोविडच्या काळात सांडपाण्यातून विषाणूचे अंश शोधले गेले, ते अनेकांच्या लक्षात असेल. त्याच धर्तीवर ओढ्यातले लिटरभर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणते प्राणी वरच्या अंगाला आहेत हे ओळखता येते. जपानमध्ये क्योतोजवळच्या कात्सुरा नदीच्या खोऱ्यात तिथला सॅलमँडर आणि बाहेरून आलेला त्याचा चिनी भाऊबंद यांचा माग असाच लावला गेला. लाल ओढ्यांची यादी मॉडेलने द्यायची, पाण्याच्या बाटल्यांनी ती आणखी आखडायची आणि मग जाळे घेऊन उतरायचे, हा क्रम खर्चाच्या दृष्टीनेही परवडणारा आहे. त्यात एक पथ्य पाळावे लागेल. नेमकी ठिकाणे जाहीर करू नयेत. रुग्णाचे नाव गुप्त ठेवतात तसा दुर्मीळ प्राण्याचा पत्ताही ठेवावा लागतो, कारण तो वाचणाऱ्यांत तस्कर असतात. निसर्गनोंदींची आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळे संकटग्रस्त प्रजातींची जागा म्हणूनच धूसर करून दाखवतात.

आणि विचारपूस. सायक्सला खुद्री, मुसुल्ला ही नावे कोणी सांगितली, ते त्याच्या निबंधात शोधावे लागते; पण ती मासे पकडणाऱ्यांच्याच तोंडची असणार. त्याने नोंदवलेला, कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुकटा हा कृष्णेच्या खोऱ्यातला मासा आज लाल यादीत धोक्यात आलेल्यांत आहे. भीमा-कृष्णेच्या काठच्या भोई वस्त्यांत साठी-सत्तरीची माणसे आहेत. नुकटा शेवटचा कधी जाळ्यात आला, कोणत्या डोहात, धरण भरण्याआधी की नंतर, हे त्यांना आज विचारता येते. त्याला उपग्रह लागत नाही, एक वही आणि दोन-चार दिवस लागतात.